निवेदन: चंद्रपूरच्या हवेबरोबर मुलांचा श्वासही तपासा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
चंद्रपूर

विषय: औद्योगिक वायुप्रदूषणाला आळा घालणे आणि बालकांच्या श्वसनविकारांची तपासणी व उपचार करणेबाबत.

महोदय,

चंद्रपूर, दुर्गापूर, पडोली व घुग्घुस परिसरातील आम्ही पालक, शिक्षक आणि रहिवासी हे निवेदन सादर करीत आहोत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहराचा समावेश झाला. तरीही खाणी, औष्णिक वीजनिर्मिती, सिमेंट व स्पंज आयर्नचे कारखाने आणि कोळसा वाहतूक यांचा धूर आणि धूळ आजही घरांवर, शाळांवर बसते. हिवाळ्यात हा धूर जमिनीलगत कोंडून राहतो आणि नेमक्या त्याच वेळी मुले सकाळच्या शाळेसाठी बाहेर पडतात.

शरीराच्या वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यांची फुप्फुसे किशोरवय संपेपर्यंत वाढत असतात. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांसाठी आपले वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केलेली मर्यादा 5 वर आणली. म्हणजेच मानक पाळले गेले तरी मूल सुरक्षित आहे, असे धरून चालता येत नाही. त्यासाठी मुलांनाच तपासावे लागेल. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत श्वासनलिकेच्या दम्यासारख्या विकाराचा समावेश आहेच, त्यामुळे वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही.

आमच्या मागण्या:

1. या पट्ट्यातील प्रत्येक शाळा व अंगणवाडीत श्वसनविकारांची विशेष तपासणी करावी. शाळकरी मुलांची पीक फ्लो मीटरने चाचणी घ्यावी आणि नावे गुप्त ठेवून गाव व प्रभागनिहाय आकडे जाहीर करावेत.
2. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेब्युलायझर व मुलांसाठीचे इनहेलर बारमाही मोफत उपलब्ध ठेवावेत. हा खर्च जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करावा.
3. कारखान्यांच्या धुराड्यांची ऑनलाइन मोजणी लोकांना रोज पाहता यावी. रात्री अचानक तपासणी करावी.
4. वस्त्या व शाळांजवळ हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे वाढवावीत.
5. ताडपत्रीने न झाकलेल्या कोळसा व राखेच्या ट्रकांवर कारवाई करावी. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ही वाहतूक बंद ठेवावी.
6. वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्या उद्योगांवर हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981 च्या कलम 31-अ नुसार कारवाईसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे शिफारस करावी.

प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितले आहे. आम्हाला रोजगार हवा आहे, पण त्याची किंमत मुलांच्या फुप्फुसांनी मोजणे आम्हाला मान्य नाही. तरी संबंधित सर्व विभागांची आमच्यासमवेत 30 दिवसांत बैठक बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले विनीत,
परिसरातील पालक, शिक्षक व रहिवासी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी:
प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, चंद्रपूर
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, चंद्रपूर
आयुक्त, महानगरपालिका, चंद्रपूर