बट्टी, भट्टी आणि डॉक्टरांचा सल्ला

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवर चार पाने लिहावीत असेच प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर आपल्यातील अधिकारी मंडळी नेहमीच लिहीत असतात. म्हणून या वेळी मी माझ्या एका चुकीविषयी, आणि त्या चुकीने मला ज्या ओव्हनपुढे नेऊन बसविले त्या ओव्हनविषयी लिहीत आहे. वैद्यकीय स्मरणिकेत स्वयंपाकघर कशाला, असे कोणास वाटल्यास त्यांनी लेख पुरा वाचून मग रागवावे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी बट्टी बंद करण्यास सांगितले. मूळ खानदेशचे, उमेदीची सारी वर्षे लूमच्या खडखडाटात काढून डिंडोलीत स्थिरावलेले. मधुमेह होता, रक्तातील चरबीही वाढलेली होती. 'तळलेले बंद' हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहिण्यास मला पाच सेकंद लागले असतील. त्यांनी सल्ला अक्षरशः पाळला. पुढे त्यांच्या मुलाकडून कळले की बाबांनी लग्न, उत्तरकार्य, भंडारा, सगळीकडे जाणेच सोडले आहे. मी त्यांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "डाक्टरसाहेब, बट्टी सोडी दिधी, मंग पंगतमा बसानं कसाले?"

डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत राहणाऱ्या वाचकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ताप्तीकाठचे गाव सोडून सुरतेस आलेल्या माणसाचे गाव येथे पंगतीतच भेटते, आणि त्या पंगतीत वरण-बट्टी व घोटलेली वांग्याची भाजी असते. मी त्यांचे तेल कमी करावयास निघालो आणि त्यांची माणसे कमी करून बसलो.

मग विचार केला की बट्टीत अपायकारक ते काय? गव्हाचे जाडसर पीठ, थोडे मक्याचे, ओवा, जिरे, हळद आणि मोहन. दोष असलाच तर तो कढईचा. आपल्या आजीच्या हातची शेतातील बट्टी गोवऱ्यांच्या आरात भाजलेली असे. भाजणे हीच जर जुनी रीत, तर घरातील ओव्हन कामास का येऊ नये?

पहिल्या प्रयत्नाची कथा सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. ओव्हन थंड असतानाच ताट आत सरकविले, बट्ट्या एकमेकींना चिकटून दाटीने मांडल्या आणि दर तीन मिनिटांनी दार उघडून पाहिले. बाहेरून दगड, आतून कच्चे पीठ. सौ. म्हणाली, "दवाखान्यातल्या उपकरणांशीही असेच वागता काय?"

तिचा टोमणा वर्मी लागला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कोरड्या उष्णतेचे ओव्हन आपण सर्वांनीच हाताळले आहे. काचसामान दाटीने भरू नये, हवा खेळती राहावी, ठरलेले तापमान आल्यावरच वेळ मोजावी, मध्येच दार उघडू नये, हे नियम आपण परीक्षेत लिहून गुण मिळविले. तीच माणसे घरच्या ओव्हनपुढे ते सारे विसरतात. आणखी एक गोष्ट आपण जाणतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटांत होणाऱ्या कामास कोरड्या हवेत १६० अंशांवर २ तास लागतात. ओली उष्णता जलद शिरते, कोरडी रेंगाळते. आपल्या सुगरणी बट्टीचे उंडे आधी उकडून किंवा वाफवून घेतात त्याचे मर्म हेच. वाफेने आतील पिठूळ भाग शिजतो. मग कोरड्या उष्णतेकडे केवळ वरचा खमंगपणा आणण्याचे काम उरते.

तेव्हापासून आमच्या घरी उंडे २० मिनिटे वाफवून, गार करून त्यांचे तुकडे करतात. तुकड्यांस तेलाचा हात पुसटसा लावून ते ताटात सुटे मांडतात. ओव्हन १५ मिनिटे आधी २०० अंशांवर तापवून ताट मधल्या कप्प्यात ठेवावे, २५ ते ३० मिनिटे भाजावे, आणि दार एकदाच, बाजू पालटण्यासाठी उघडावे. पंख्याचे ओव्हन असल्यास तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. ओव्हनच्या बटणावर मात्र आंधळा विश्वास नको. आमच्या यंत्राचे बटण २०० दाखवी तेव्हा आत ठेवलेला तापमापक १७० सांगत असे. रक्तदाबाचे यंत्र तपासून घेणाऱ्या माणसाने एवढी शंका घ्यावयास हवीच होती. आणि कृपा करून मायक्रोवेव्ह व ओव्हन यांत गल्लत करू नये. मायक्रोवेव्ह पदार्थातील पाणी तापविते, वरचे कवच कोरडे होऊन भाजले जात नाही. तेथे बट्टी चामड्यासारखी होते.

रंगाविषयी एक इशारा. सन २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले की पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंशांच्या वर तळले वा भाजले असता त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. पदार्थ जितका काळवंडेल तितके ते वाढते. म्हणजे भाजले म्हणून सर्व निर्दोष असे नाही. सोनेरी रंगावर थांबावे, करपलेले टाकावे.

भाजलेल्या बट्टीने रक्तातील साखर वाढत नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. गहू तो गहूच. कमी होते ते तेल, आणि १ ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात हे ध्यानात घेतले तर ती बचत लहान नाही. शिवाय पंगतीच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापते. अशा तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये असा आपल्याकडील नियम आहे. तो आचाऱ्यापर्यंत कितपत पोचला आहे, हे कोणत्याही मांडवामागे उभे राहिल्यास वासावरून कळते.

भरिताबाबत मात्र मी हरलो. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. ती वांगी सुरीने टोचून वरच्या तापलेल्या कांडीखाली फिरवीत भाजली, तर साल सुटते, गर मऊ होतो, सगळे यथासांग होते. पण कपाशीच्या काड्यांचा धूर कोठून आणणार? ओव्हनमधील भरीत म्हणजे वांग्याची उत्तम भाजी, असे म्हणून मी तो विषय सोडला आहे.

आता मुख्य सूचनेकडे वळतो. पाचशे पानांच्या पंगतीस घरचा ओव्हन पुरणार नाही, हा आचाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. पण सुरत ही भट्ट्यांची नगरी आहे. डचांनी मागे सोडलेल्या भट्टीवर पारशी दोतीवाला घराण्याने पाव व नानखटाई नावारूपास आणली, असे येथे सांगतात. दिवाळीपूर्वी मैदा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीतून नानखटाई भाजून आणण्याची चाल आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहे. मग वाफविलेल्या बट्टीची ताटे बेकरीत का जाऊ नयेत? पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी बराच वेळ तापलेली असते. मंडळांनी बेकरीवाल्यांशी आधी बोलून वेळ ठरवावी. नानखटाईसाठी मात्र वनस्पती तूप नेऊ नये. त्यातील ट्रान्स चरबीवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली असली, तरी साजूक तूप थोडे घालून नानखटाई कमी खाणे मला अधिक पटते.

यास विरोध होईल, तो मी ऐकलाही आहे. "तळल्याशिवाय बट्टीला मजा नाही," असे माझ्याच व्यवसायबंधूंनी मला सुनावले. मजा कमी होते हे खरे. परंतु तळलेल्या ढिगाशेजारी भाजलेल्या बट्टीचे एक ताट ठेवण्यास काय हरकत आहे? ज्यास जे हवे ते तो घेईल, आणि कोणास घरी बसावे लागणार नाही.

त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी नातवाच्या जावळाचा कार्यक्रम होता, तेव्हा आमच्या ओव्हनमधून भाजलेल्या बट्टीचा डबा आम्ही सोबत नेला. ते पंगतीत बसले. दोन बट्ट्या कुस्करल्या, वर वाटीभर वरण घेतले आणि तुपाचा चमचा पुढे आला तेव्हा माझ्याकडे पाहिले. मी एक बोट वर केले. त्यांनी वाढणाऱ्याला दोन दाखविली.