थेंबभर रक्ताची कसोटी

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची कमतरता रुग्णासमोरच, काही मिनिटांत ओळखण्याची कल्पना आपल्या व्यवसायाला नवी नाही. साहलीच्या हिमोग्लोबिनमापकात तपकिरी रंग जुळवीत आपल्यातील ज्येष्ठांनी उमेदीची वर्षे काढली. रक्तदान शिबिरांत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब बुडतो की तरंगतो, हे पाहून दाता पात्र ठरविला जाई. मिठावर द्रावणाचा थेंब टाकून निळा रंग आला की आयोडीन आहे, हे आरोग्यसेविकांनी गावोगावी दाखविले. नवी आहे ती अशा चाचण्यांची आलेली बाजारपेठ. म्हणूनच कोणत्या शीघ्र चाचणीला आपण आपल्या दवाखान्यात स्थान द्यावे आणि कोणतीला उंबऱ्याबाहेर ठेवावे, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा असे वाटते.

प्रथम गरज पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण देशात ५७ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के, तर कर्नाटकात सुमारे ४८ टक्के होते. निपाणी परिसरात तंबाखूच्या वखारींत आणि घरोघरी विड्या वळण्यात स्त्रियांच्या पिढ्या गेल्या. विडी वळणारीची मजुरी हजारावर मोजली जाते. रक्त देण्यासाठी एक दिवस आणि अहवाल नेण्यासाठी दुसरा, म्हणजे दोन दिवसांच्या कमाईवर पाणी. त्यात अनेकींना मिश्रीची सवय. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींमध्ये रक्तक्षय अधिक आढळतो, हे प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील अभ्यासातून २००८ साली मांडले. अशा स्त्रीच्या बाबतीत बोटातील थेंबावर त्याच भेटीत मिळणारे उत्तर म्हणजे कित्येकदा उपचार सुरू होणे आणि न होणे यांतील अंतर असते.

खेड्यातील आरोग्यसेविका शिस्तीने काम करील का, या शंकेचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने ग्रामीण भागात झालेल्या चाचणीत सेविकांनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नीट शिकविले आणि देखरेख ठेवली, तर सेविका चोख काम करते. ज्या मातेचे हिमोग्लोबिन सात ग्रॅम आहे, तिला अर्धा लिटर रक्तस्रावही जिवावर बेततो; म्हणून तो आकडा प्रसूतीच्या कितीतरी आधी कळायला हवा.

परंतु आकडा खरा हवा. बोट पिळले की ऊतींतील द्रव रक्तात मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसते. पहिला थेंब पुसला नाही, डबीचे झाकण उघडे राहिले, तरी घोटाळा होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याने पट्ट्या बिघडायला वेळ लागत नाही. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातील रक्तावरून पाच वर्षांखालील ५९ टक्के बालके रक्तक्षयी ठरली, तर २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतील रक्तावरून एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के आले. वयोगट तंतोतंत एक नसले तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिरेतील रक्त व स्वयंचलित यंत्र यांना पसंती दिली आहे. तेव्हा बोटाची चाचणी ही चाळणी समजावी. सीमेवरचा आकडा आला किंवा उपचाराने फरक पडला नाही, तर शिरेतील रक्त तपासावे. शिवाय हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असेही नाही. फेरिटिन पाहावे, तर जंतुसंसर्गात ते फसवे वाढते. थॅलेसेमियाचा वाहक लोहाच्या गोळ्यांनी सुधारत नाही.

ब-१२ ची गोष्ट निराळी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना २००६ च्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. कॉर्नेल विद्यापीठात मोबाइल फोनला जोडून ब-१२ मोजण्याचे प्रयोग झाले असून ती दिशा आशादायक आहे. मात्र प्रयोगशाळेशी पडताळणी झाल्याखेरीज अशा कोणत्याही यंत्राच्या भरवशावर इंजेक्शनांची माळ लावणे योग्य नव्हे.

याहून गंभीर आहे तो शुद्ध भूलथापांचा प्रकार. मुठीत धातूची कांडी धरायला लावून मिनिटाभरात सगळी जीवनसत्त्वे, खनिजे आणि वर यकृताची प्रकृती छापून देणारी ‘क्वांटम’ यंत्रे मंगल कार्यालयांतील शिबिरांतून फिरतात. रक्ताचा थेंबही न घेता रक्तातील जस्त सांगणाऱ्या या यंत्रांना शास्त्रीय आधार नाही. पण कागद छापील असतो, त्यावर रंगीत आलेख असतात, आणि शेजारच्याच मेजावर डबे विक्रीला मांडलेले असतात. विड्यांचे पैसे त्या डब्यांत जातात आणि खरा रक्तक्षय तसाच राहतो. अशा शिबिराला आपल्यापैकी कोणी उद्घाटक म्हणून गेला, तरी त्या कांडीला प्रतिष्ठा मिळते.

म्हणून सहव्यावसायिकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. दवाखान्यातील हिमोग्लोबिनमापक महिन्यातून एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहावा. रुग्णाच्या हाती द्यायच्या चिठ्ठीवर आकड्यासोबत तारीख आणि रक्त बोटाचे की शिरेचे, हे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहावे. आपली गर्भवती माहेरपणाला कागल, गडहिंग्लज वा चंदगडला जाते. राज्याची हद्द ओलांडली की तिची सरकारी नोंद मागे राहते, चिठ्ठी मात्र सोबत जाते. चाचणी झाली की त्याच दिवशी गोळ्या द्याव्यात आणि महिन्याने पुन्हा मोजावे. एक ग्रॅमही वाढ नसेल तर पुढे पाठवावे. आणि चाचणी करणाऱ्यानेच औषध विकण्याची शिबिरे आपल्या आवारात भरू देऊ नयेत.

यासाठी अनुदान लागत नाही, ठरावही लागत नाही. पुढील वार्षिक सभेत प्रत्येकाने आपल्या मापकाची बारा महिन्यांची पडताळणी-वही सोबत आणावी, एवढे जरी आपण ठरविले, तरी निपाणीच्या वखारीतून थेट आपल्या दारी येणाऱ्या भगिनीला तिच्या थेंबाचे खरे मोल मिळेल.