नाव मिळेपर्यंत झाड टिकेल का?

टांझानियातील उडझुंग्वा डोंगररांगेत २०१९ साली वनस्पतीशास्त्रज्ञांना एक अनोळखी वृक्ष आढळला. उंची ४० मीटरपर्यंत, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी. मोठ्या झाडाच्या बुंध्याचा व्यास २.७ मीटर. एवढ्या प्रचंड वृक्षाची विज्ञानाच्या दप्तरात कुठेही नोंद नव्हती. ती २०२५ साली रीतसर झाली आणि त्याला ‘टेसमानिया प्रिन्सेप्स’ हे नाव मिळाले. आपल्या चिंचेचा आणि सीताअशोकाचा हा दूरचा भाऊबंद. यातल्या थोरल्या झाडांचे वय २००० ते ३००० वर्षे असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. तो खरा धरला, तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यावर छिन्नी पडली त्या सुमारास यांतली काही झाडे उभी होती.

आकाशातून उपग्रह जमिनीचा कण न् कण टिपत असताना एवढे झाड नजरेतून सुटते कसे? उत्तर साधे आहे. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, जात दिसत नाही. खाली उभ्या माणसाला खोड दिसते. पाने, फुले, फळे मात्र ४० मीटर उंचावर, इतर झाडांच्या गर्दीत हरवलेली असतात. शिवाय फुलोरा आला असताना नेमके तिथे पोचणेही नशिबात असावे लागते.

डोंगराचाही यात वाटा आहे. उडझुंग्वा ही ‘ईस्टर्न आर्क’ नावाच्या प्राचीन पर्वतमालिकेतली एक रांग. हिंदी महासागरावरून येणारे दमट वारे या डोंगरांना अडतात आणि वर जंगल पोसले जाते. दोन डोंगरांच्या मध्ये मात्र कोरडी मैदाने. समुद्रात बेटे असावीत तशी ही जंगले एकमेकांपासून तुटलेली. एका डोंगरावर घडलेली जात दुसऱ्यावर पोचेलच असे नाही. म्हणूनच अशा ठिकाणी नव्या जाती सापडतात, आणि एक उतार साफ झाला तरी एखादी जात समूळ जाऊ शकते.

नमुना सही

झाड सापडले म्हणजे नवी जात ठरली, असे होत नाही. मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. खाते उघडताना ग्राहकाची नमुना सही घेतली जाते. पुढे धनादेशाबद्दल शंका आली की त्या कार्डाशी ताडून पाहावे लागते. वनस्पतीशास्त्राची रीत फारशी वेगळी नाही. फुलाफळांसह फांदी तोडायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, कुठे व कधी मिळाली ते लिहायचे. मग जगभरच्या वनस्पतीसंग्रहांतील जुन्या नमुन्यांशी ती ताडून पाहायची. कुठेच जुळली नाही, तर वर्णन लिहून प्रसिद्ध करायचे आणि एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून राखून ठेवायचा. पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्येच लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

काम चिकाटीचे आणि करणारी माणसे थोडी, त्यामुळे विलंब ठरलेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की नव्या जातींपैकी फक्त १६ टक्के जातींचे वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झाले होते. जवळपास एक चतुर्थांश जातींच्या बाबतीत तर नमुने ५० वर्षांहून जुने होते. म्हणजे कित्येक ‘नव्या’ जाती कपाटातच सापडतात.

या दिरंगाईची किंमत काय, हे कॅमेरूनच्या डोंगराळ भागातील एका झाडाने दाखवले आहे. बाली न्गेम्बा येथील ढगाळ जंगलातून लिंबाच्या कुळातील या झाडाचा नमुना १९५१ साली गोळा झाला. ‘वेप्रिस बाली’ हे नाव त्याला मिळाले २०१८ साली, ६७ वर्षांनी. पुढच्या शोधांत ते पुन्हा दिसले नव्हते, आणि तिथले बरेचसे जंगल शेतीखाली गेले होते. बहुधा नामशेष, असा शेरा नामकरणाबरोबरच पडला. खातेदार गेल्यावर खाते उघडावे, तसला हा प्रकार.

नावाने काय होते?

जंगलात उभ्या झाडाला लॅटिन नावाचे काय सोयरसुतक, असे कोणी म्हणेल. झाडाला नसेल, पण कायद्याला आहे. धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत बिननावाची जात सहसा बसत नाही. धरण, खाण वा रस्ता मंजूर करताना काय नष्ट होणार याचा हिशेब मांडतात, त्यात नोंद नसलेले झाड म्हणजे नुसते लाकूड. २०२४ साली तपासलेल्या ४७,२८२ वृक्षजातींपैकी ३८ टक्के धोक्यात आढळल्या. २०२२ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर वृक्षांच्या सुमारे ७३,००० जाती आहेत आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक अजून विज्ञानाला ठाऊक नाहीत. लंडनच्या क्यू उद्यानाने २०२३ साली सांगितले, की वर्णन न झालेल्या दर चार वनस्पतींपैकी तीन धोक्यात असण्याची शक्यता आहे.

अर्थात नाव म्हणजे संरक्षण नव्हे. कागदावर नाव असलेली कितीतरी झाडे करवतीखाली गेलीच. उडझुंग्वाचा तो वृक्ष आढळला त्या दोन्ही जागा गावांच्या अखत्यारीतील राखीव जंगले आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे. शास्त्रज्ञ पोचेपर्यंत ते जंगल उभे राहिले, म्हणून पुढचे सगळे घडले. आपल्याकडच्या देवराया आठवाव्यात. देवाच्या धाकाने का होईना, गावांनी त्या राखल्या, आणि अभ्यासकांना पुढे त्याच उपयोगी पडल्या.

सह्याद्रीही उष्ण कटिबंधातलाच डोंगर आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतीसंग्रह आहे. वाळलेल्या फांद्यांची ही कपाटे सांभाळायला आणि त्यांत नजर मुरलेली माणसे तयार करायला फार पैसा लागत नाही. वर्षे मात्र लागतात. घरातला मुलगा वा मुलगी झाडे ओळखण्याचे शिक्षण घेतो म्हणाली, तर ‘त्यात पोट कसे भरणार?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. तो चुकीचा नाही. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्या मुलांवर न टाकता विद्यापीठांनी आणि सरकारने घ्यायला हवी.