कानांना पापण्या नसतात

काही वर्षांपूर्वी पंचाहत्तरीच्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला. रात्री सामसूम झाली की आजींना अभंग ऐकू येत; गाणारे मात्र कोणी नसे. घरच्यांना वेडाची शंका आली होती आणि आजी संकोचाने अबोल झाल्या होत्या. "डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी द्या," एवढीच मुलाची मागणी होती.

चिठ्ठी लिहिता लिहिता मला एक पुस्तक आठवले. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांचे 'म्युझिकोफिलिया' (२००७). संगीत आणि मेंदू यांचे नाते उलगडणाऱ्या या रुग्णकथांत अशा संगीतभासांवर स्वतंत्र प्रकरण आहे. श्रवणशक्ती मंदावली की मेंदूला बाहेरचे ध्वनी पुरेसे मिळत नाहीत. मग तो स्मरणातील सूर स्वतःच उभे करतो आणि ते बाहेरून आल्यासारखे भासतात. आजींच्या कानांची तपासणी करविली. दोन्ही कानांनी बरेच कमी ऐकू येत होते. श्रवणयंत्र लावल्यावर अभंग हळूहळू विरळ झाले आणि आजी पुन्हा बोलू लागल्या. प्रत्येक भासाचे कारण हेच असते असे नाही. म्हणूनच तपासणी आवश्यक. मला मात्र एक गोष्ट आजही बोचते. 'नीट ऐकू येत नाही' असे आजींनी वर्षभर आधीच सांगितले होते आणि 'वयोमानाने होते' म्हणून मी विषय संपविला होता. ऐकण्यात उणा पडलो होतो तो मी.

दुसरे पुस्तक कॅनडाचे संगीतकार व शिक्षक आर. मरे शेफर यांचे 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' (१९७७). डोळे मिटता येतात, कानांना मात्र पापण्या नसतात, याकडे ते लक्ष वेधतात. भोवतालच्या ध्वनींचेही एक दृश्यासारखे चित्र असते. ते बिघडवायचे की सांभाळायचे हे आपल्या हाती आहे, असा त्यांचा विचार आहे.

तिसरे पुस्तक लहान मुलांच्या पालकांसाठी. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधक नीना क्राउस यांचे 'ऑफ साउंड माइंड' (२०२१). भाषा, संगीत आणि गोंगाट यांमुळे ऐकणारा मेंदू कसा घडतो अथवा बिघडतो, हे त्यांनी सुबोधपणे मांडले आहे.

तिन्ही पुस्तके इंग्रजी आहेत. घरातील महाविद्यालयीन मुलांनी ती वाचावीत आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी इतरांना सांगावीत. सांगणे आणि ऐकणे, दोन्ही घडेल.

पुस्तकांसोबत थोडे पथ्यही हवे. आंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली सुरक्षित मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास अशी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते. हेडफोन लावलेल्या मुलांना हे हिशेबाने समजावून सांगा.

आणि घरातील वडीलधारी मंडळी दूरदर्शनचा आवाज वाढवू लागली, एकच प्रश्न पुन्हा विचारू लागली, चारचौघांत गप्प बसू लागली, तर वयाला दोष देऊन थांबू नका. कान तपासून घ्या. त्याआधी त्यांच्या समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला, आणि त्या काय सांगतात ते पुरते ऐका. मी ते वर्षभर उशिरा ऐकले.