टोप, पागोटे आणि कपाळाची खोक

आमच्या घरात डोकी चार आणि टोप अकरा! कपाटावर दोन, माळ्यावर सहा, आणि एक तर परवा तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून सापडला. सौभाग्यवतींचे मत असे, की ज्याचे स्वतःचे डोके ठिकाणावर नसते त्यालाच इतके टोप लागतात. पाहुण्यांदेखत मी हे मत हसण्यावारी नेतो.

हा नाद मला लागला त्याला आमच्या कसबा बावड्याची वाटच कारणीभूत. कोल्हापुरातून बावड्याला येताना १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा लागतो. त्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात वडील मला रविवारी नेत. तिथली शस्त्रे पाहून घरी यायचे, आणि पुठ्ठा, खळ व बेगड घेऊन ओसरीवर पसारा मांडायचा, असा माझा क्रम. पुढे नोकरीनिमित्त गावोगाव हिंडलो. पण पुण्याला गेलो की केळकर संग्रहालय आणि मुंबईला गेलो की म्युझियम चुकवले नाही. बाकीची माणसे देवळे पाहत, मी डोकी पाहत असे.

जुना लढाऊ टोप तुम्ही कधी जवळून पाहिला आहे काय? उपड्या वाटीसारखा पोलादी गोल, शेंड्यावर टोकदार कळस. पुढे वरखाली सरकणारी नाकपट्टी. लढाई नसली म्हणजे ती वर सरकवून मळसूत्राने घट्ट करायची. दोन्ही अंगांना तुरे खोचायच्या नळ्या, आणि कानामागून मानेपर्यंत बारीक कड्यांची झालर. एका कडीत चार कड्या अडकवायच्या, त्या प्रत्येकीत पुन्हा चार. मी एक झालर स्वतः विणली आहे. सळईवर तार गुंडाळून, कापून, दोन पकडींनी एकेक कडी मिटवायची. पावसाळ्याला आरंभ केला, तो दसरा उलटला तरी डावा कान उघडाच होता!

अस्सल जुना टोप मात्र माझ्याकडे एकही नाही. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही. जुन्या बाजारात ‘शिवकालीन’ म्हणून जे हाती देतात, त्याचा गंज बहुधा विकणाऱ्यापेक्षाही तरुण असतो. तेव्हा आपली नक्कलच बरी. शिवाय कोल्हापूर म्हणजे नकलेचे माहेरघर. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, भालजींचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. कागदाच्या लगद्याला रुपेरी रंग दिला, की तो पडद्यावर पोलाद होतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक.

पण पडदा निराळा आणि रस्ता निराळा. चार वर्षांमागे आमच्या गल्लीतल्या मुलांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीत सजीव देखावा करायचे ठरवले. प्रसंग पन्हाळ्याचा, १६६० चा. महाराज विशाळगडाकडे निघतात, आणि शिवा काशीद त्यांचा वेष घेऊन पालखीत बसतो. त्याने स्वतःचे डोके शत्रूच्या हाती दिले, म्हणून महाराजांना वाट मिळाली. शिवा काशीद व्हायचे होते माझ्या पुतण्याच्या मुलाला. “आबा, टोप तुम्हीच करायचा,” असे म्हणून तो पाया पडला. झाले! मी पत्र्याचा टोप ठोकला. कळस, नाकपट्टी, तुरा, सगळे होते. आरशासारखा लखलखीत.

आमच्याकडची जुनी शिवजयंती वैशाखातली. दुपारी तीनला पालखी उभी राहिली, चारला निघाली. तोवर पत्रा तव्यासारखा तापला. पोराने शिवा काशीदाची अब्रू राखायची म्हणून हूं की चूं केले नाही. वळणावर पालखी हिसकली, टोप पुढे घसरला आणि कडेने कपाळावर दोन बोटे खोक पडली. डॉक्टरांनी तीन टाके घातले. त्याच्या आईने मला एक शब्दही विचारला नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री आमच्या तालमीचे वस्ताद घरी आले. टोप उचलून त्यांनी आत हात फिरवला आणि म्हणाले, “आबा, ह्याच्या आत काय हाय?”

“काही नाही.”

“मग डोकं कशावर टेकायचं?”

इतकी वर्षे मी काचेतून बाहेरची बाजू पाहत आलो होतो. लोखंड टिकते, कापूस टिकत नाही. त्या टोपांच्या आतली कापूस भरलेली अस्तरे बहुतेक ठिकाणी केव्हाच कुजून गेली आहेत, आणि मी उरलेल्या टरफलालाच फळ समजलो! ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात प्रतापगडच्या भेटीचे वर्णन केले आहे. त्यात महाराजांच्या पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी आहे. म्हणजे लोखंड आत, कापड वर. साध्या शिपायाला तर बहुधा कापडच. घट्ट पीळ दिलेले अनेक पदरी पागोटे तलवारीची धार बोथट करते आणि उन्हात डोके थंड ठेवते. वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ साली महाराजांचे जे चित्र उजेडात आणले, त्यातही मस्तकावर पागोटेच आहे. हे चित्र मी शंभरदा पाहिले असेल. पण पत्र्याचा लखलखाट डोळ्यांत भरला होता ना!

पुढच्या वर्षी वस्तादांनी मला समोर बसवून बांधणी शिकवली. सुती कापड ओले करून पिळायचे, पहिला वेढा कपाळावर बेताचा, दुसरा त्याला तिरका छेद देऊन. माझ्या हातून सात वेळा सुटले. वस्ताद हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पोराच्या आईची परवानगी मागायला मी स्वतः गेलो. तिने पागोटे हातात घेतले, आत-बाहेर उलटून पाहिले, कापूस दाबून पाहिला. मग आपल्याच हाताने त्या खुणेच्या वर, बोटभर जागा सोडून, मुलाच्या डोक्यावर ठेवले.

पत्र्याच्या टोपाला खाली भोके पाडून सौभाग्यवतींनी त्यात कोरफड लावली आहे. चांगली फोफावली आहे.