रंगांचा शेजार

माणसाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, असे आपल्याकडे म्हणतात. रंगाची तर दुसऱ्या कशावरून करताच येत नाही!

पॅरिसला गोबेलँ नावाचा, भिंतीवरचे चित्रपट विणणारा जुना कारखाना आहे. १८२४ साली शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगखात्याचा प्रमुख झाला. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने लोकर तपासली. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ बसल्यामुळे बिचारा काळा निस्तेज दिसत होता. दोष त्याचा नव्हे, शेजाराचा! या शेजारधर्मावर शेव्रलने १८३९ साली एक मोठा ग्रंथच लिहिला.

पुढे जोसेफ आल्बर्स या जर्मन चित्रकाराने अमेरिकेत रंगविद्या शिकवली, ती बहुतेक रंगीत कागदाच्या तुकड्यांवर. एकाच कागदाचे दोन तुकडे अशा दोन कागदांवर ठेवा, की ते दोन निराळे रंग वाटावेत, असा त्याचा पाठ असे. विद्यार्थी तासन्‌तास तुकडे हलवीत. आधी हात, मग डोळा आणि सिद्धान्त सर्वांत शेवटी! १९६३ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथातही हाच क्रम आहे.

तो ग्रंथ चाळताना मला आमची आत्याआजी आठवली. ती गोधडी शिवायला बसली, की चिंध्यांचे गाठोडे सोडी. एक तुकडा ठेवी, डोळे किलकिले करून पाही आणि उचलून घेई. ‘‘हा इथं नांदत नाही,’’ म्हणे. तोच तुकडा दोन बोटे पलीकडे सरकला, की हसू लागे. तिला ऐन विशीत वैधव्य आले. त्यानंतर विटक्या लुगड्याखेरीज तिच्या अंगाला रंग लागला नाही. पण तिच्या हातातले रंग कोणाला काढून घेता आले नाहीत. आल्बर्सला जगाने आचार्य म्हटले. आत्याआजी मात्र जन्मभर ‘चिंध्या जोडणारी’च राहिली. विद्या तीच, शेजार तेवढा निराळा!

मी शब्दांचा व्यापारी. वर्गात व्याख्या सांगाव्यात आणि मुलांनी त्या उतरवून घ्याव्यात, हा आमचा धर्म. पण ‘लाल-हिरवा परस्परपूरक’ हे वाक्य शंभरदा घोकूनही डोळ्याला काही दिसत नाही. दिसते ते तुकडा सरकवल्यावर.

तेव्हा वाचकहो, यंदा आकाशकंदील करून उरलेले कागद केरात टाकू नका. राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर, आणि घरातल्या मुलांना विचारा, यांतला अधिक उजळ कोणता? उत्तर मात्र आधी सांगू नका. आणि माळ्यावर एखादी जुनी गोधडी असेल, तर ती खाली काढून उजेडात पसरा. शिवणारीचे नाव कोणाला आठवते का, तेही विचारून पाहा.