घराचं कर्ज फेडलं, पण सिबिलला पत्ताच नाही

मंडळी, आज माड-सुपारी बाजूला ठेवतो. गावात घरदुरुस्तीची कामं निघालीत, कर्जाची चौकशी सुरू झाली आहे, म्हणून हे लिहितोय.

आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. सातबारा बहुतेकांचा सामाईक. आजोबांपासूनची नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. बँकेला घरकर्जासाठी स्वच्छ मालकी आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्या जमवण्यात वर्ष जातं. मग माणूस पतसंस्थेत जातो. दोन जामीनदार, थोडं सोनं, आणि काम होतं. कोकणातली कितीतरी घरं अशीच उभी राहिलीत.

आता पुढचं बघा. ओळखीतल्या एका बागायतदाराने पतसंस्थेचं घरकर्ज दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलं. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या म्हणून बँकेत गेला. अहवालात घरकर्जाचा मागमूस नाही. दिसला तो मोबाईलचा हप्ता, दोनदा उशिरा भरलेला!

असं का होतं? 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यात बँका, सहकारी बँका, ग्रामीण बँका, फायनान्स कंपन्या, गृहकर्ज कंपन्या येतात. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने या सगळ्यांना सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांचं सभासद होणं बंधनकारक केलं. जानेवारी 2025 पासून दर पंधरा दिवसांनी माहिती देणं बंधनकारक झालं. पण पतसंस्था सहकार खात्याखाली येतात. कायद्याच्या त्या यादीत त्यांचं नाव नाही.

म्हणजे बोजा चढवायची वेळ आली की आपलं नाव लगेच कागदावर येतं. फेडल्याची नोंद मात्र बँक जिथे बघते तिथे नाही. हा साध्या माणसावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पीएमएफएमईसारख्या योजनेने 35 टक्के अनुदान ठेवलं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. पत दिसली नाही तर कर्ज अडतं, आणि कर्ज अडलं की अनुदानही गेलं.

काही जण म्हणतात, "सिबिलात दिसणा नाय ताच बरा, दुसरा कर्ज मिळता." मला हे पटत नाही. पहिलं कर्ज लपलं की बँक ऐपतीपेक्षा जास्त देते. त्यात 2021 च्या तौक्तेसारखं वादळ आलं, माड आडवे झाले, की दोन्ही हप्ते एकदम अंगावर येतात. आणि पतसंस्थेचा जामीनदार कोण? आपलाच शेजारी. आपल्याबरोबर तोही बुडतो.

कायद्यात आणखी संस्था जोडायची मुभा रिझर्व्ह बँकेला आहे. ती वापरून निदान मोठ्या पतसंस्थांना तरी यात आणावं. छोट्यांचा खर्च सरकारने उचलावा.

तोपर्यंत आपण काय करायचं?

1. कर्ज घेण्याआधीच विचारा, "तुम्ही माहिती चारही कंपन्यांना देता का?"

2. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून बघा.

3. पतसंस्थेचं कर्ज असेल तर खातेउतारा आणि बेबाकी दाखला जपून ठेवा. बँकेत अर्जासोबत जोडा, मॅनेजरसाहेबांना दाखवा. आधीचा कर्ज-इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय.

4. कर्ज बँकेचं किंवा गृहकर्ज कंपनीचं असूनही दिसत नसेल, तर त्यांच्याकडे आणि पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर बँकेविरुद्ध किंवा पतमाहिती कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी नंबर 14448.

आणि एक. पतसंस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच लागते. आपण सभासद आहोत, फक्त चहा-वडा खायला जायचं नाही. "आमच्या फेडीची नोंद वर जायला पाहिजे" असा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची प्रत उपनिबंधकांकडे पाठवा.